चौथी फळी

शेडमध्ये ती तीस वर्षं उलटी पडून होती,
पोटावर सायकली, कूलरच्या जुन्या जाळ्या,
कुणाच्या तरी लग्नातले उरलेले द्रोण.
तिच्याखाली मांजरी व्याल्या, पिढ्यान्‌पिढ्या.
आम्ही तिला होडी म्हणायचं सोडलं होतं. नुसतं "ते".
"ते विकून टाक ना बे एकदाचं," यादव म्हणायचा.
भंगारवाला यायचा, बोट वाकवून ठोकायचा,
पितळ किती निघेल विचारून निघून जायचा.

आजोबा मोतीबागच्या कारखान्यात सुतार.
छोट्या गाडीचे डबे दुरुस्त करणारा माणूस
समुद्र न बघता शिडाची होडी बांधतो,
एका फाटक्या मासिकातल्या चित्रावरून.
हे वेड घरात कुणी समजावून सांगितलं नाही.
सांगितला तो त्यांचा प्रामाणिकपणा:
कानामागची पेन्सिल गेटवर काढून ठेवायचे,
रेल्वेची पेन्सिल रेल्वेत.
आमची लहानपणाची प्रत्येक चूक
त्या पेन्सिलीशेजारी ठेवून मोजली गेली.

लकडगंजातून सलामत मिस्त्री आला,
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
त्यानं आयुष्यभर दारं केली, दिवाण केले, होडी कधीच नाही.
"पाण्याले का समजते, ताई, मिस्त्री कोणता हाय?"

एप्रिलात रंग खरवडला.
बाबांचा हिरवा, त्याखाली बाबांचाच हिरवा,
मग राखी, मग सागाचं उघडं अंग.
तळापासूनच्या तीन फळ्या हाताखाली चुरा झाल्या.
पाचवीसुद्धा.
चौथीवर मिस्त्रीनं टिचकी मारली, परत मारली,
मग मला हाक दिली.
आतल्या बाजूला, पांढऱ्या ठशात:
बी. एन.
तिसरं अक्षर करवतीनं अर्धं नेलेलं.

डब्याची फळी. साडेसहा फूट, सलग.
गेटमधून कशी आली असेल?
पेन्सिल काढून ठेवताना पहारेकरी
पेन्सिलीकडेच बघत राहिला असेल का?
"हेच तेवढी शाबूत हाय," मिस्त्री म्हणाला,
"विकतच्या साऱ्या सडल्या."
मला हसू फुटलं. तोही हसला, कारण न विचारता.

यादवला फोन केला. तो बराच वेळ गप्प.
मग, "बाबांना माहीत असंल?"
बाबांनी जुना रंग कधीच खरवडला नव्हता.
दर दिवाळीला वरून एक नवा थर द्यायचे.

मे. सेहेचाळीस.
नव्या फळ्या बसल्या, पण उन्हानं सगळ्याच आकसल्या,
फटींतून पलीकडचं अंगण दिसायचं.
सूत ठोकलं, राळ आणि जवसाचं तेल भरलं,
तरी लाकूड म्हणे पाणी प्यायल्याशिवाय मिटत नाही.
म्हणून कूलरची नळी होडीत सोडली.
रात्रभर टपटप, वाळ्याचा वास.
सकाळी अंगणात चिखल, फटी तशाच.
नवव्या दिवशी अंगण कोरडं
आणि घराच्या मागे काठोकाठ भरलेली होडी,
पाणी आत, होडी बाहेर,
वर कडुनिंबाचं एक पान तरंगतंय.

"आतून रंग कोणता देऊ?" मिस्त्री.
नको म्हटलं. नुसतं तेल.

शीड मंडपवाल्या घनश्यामनं शिवून दिलं,
एका कडेची सोनेरी झालर काढायला विसरला.

नोव्हेंबरात अंबाझरीला नेली,
परवानगीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत.
फिरायला आलेले लोक थांबले.
"इंजिन कुठं हाय याचं?" एका पोट्ट्यानं विचारलं.
वारा नव्हता.
पाऊण तास शीड ओल्या टॉवेलसारखं लटकलं.
यादवनं सांबारवडीचा डबा उघडला.
पोहता येत नाही म्हणून मिस्त्री काठावर,
तिथून ओरडून सूचना देत होता, सगळ्या चुकीच्या.

मग धरमपेठेकडून काहीतरी आलं.
झालर आधी हलली.
होडी कलली, घाबरून मी तळाशी हात टेकला,
नेमका चौथ्या फळीवर. कोरडी.
पाणी पाचवीतून येत होतं,
नवी, पावती घेऊन आणलेली.
मी यादवच्या हातातून डबा घेतला,
उरलेली वडी तोंडात टाकली
आणि उपसायला लागले.